आडनावावरून पकडलेलं गवत

आधीच कबूल करते, हा एपिसोड मी दोनदा रेकॉर्ड केलाय. पहिल्या वेळी एडिटिंगला बसले तर वाक्यांपेक्षा शिंकाच जास्त ऐकू येत होत्या. आजचा विषयही तोच आहे. शिंका, आणि त्यांचा आळ ज्याच्यावर आला ते एक गवत. नेहमीसारखं खाली सगळं लिहून देतेय, बोलताना घसरलेली वाक्यं तेवढी उचलून सरळ केलीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीने ऑनसाइट पाठवलं होतं, शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात भाड्याने राहत होते. सगळ्या घरांपुढे एकाच मापाची हिरवळ, जणू एकाच न्हाव्याने कापलेली. फक्त कोपऱ्यावरच्या एका घरापुढे उंचच्या उंच गवत. ऑगस्टमध्ये ते माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणायचे. एक दिवस कॉलनीच्या असोसिएशनचे दोघं दारात आले. हातात अर्ज. ते गवत कापायला लावा, कारणं तीन: एक, दिसायला वाईट, दोन, उंदीर होतात, तीन, त्याच्या परागकणांनी लोकांना ॲलर्जी होते. तिसऱ्या कारणापाशी त्यातल्या एकाने माझ्या लाल नाकाकडे बघितलं. मी सही करून टाकली. दोन सेकंद पण लागले नाहीत.

चार दिवसांनी काकू रस्त्यात भेटल्या. अर्ज त्यांच्यापर्यंत पोचला होता. चिडल्या नाहीत, एवढंच विचारलं, "तुला नक्की कुठल्या गवताचा त्रास होतो, माहीत आहे?"

नव्हतं माहीत. लॉग न वाचता बग दुसऱ्याच्या मॉड्यूलवर ढकलणारे लोक ऑफिसात असतात ना, मला त्यांचा फार राग येतो. आणि मी तेच केलं होतं. मग लॉग वाचायला बसले. लॉग दोनशे वर्षांचा निघाला.

आधी आरोपीची ओळख. काकूंच्या अंगणातलं गवत म्हणजे बिग ब्लूस्टेम. शास्त्रीय नाव अँड्रोपोगॉन जेरार्डी. हे अस्सल उत्तर अमेरिकेचं, तिथल्या मध्यभागाच्या प्रेअरीचं गवत. सहा ते आठ फूट सहज वाढतं, मुळं जमिनीत तेवढीच किंवा त्याहून खोल. उन्हाळा सरत आला की टोकाला तीन बोटांचा तुरा येतो, म्हणून तिकडे त्याला टर्कीचा पंजा असंही म्हणतात. इलिनॉय आणि मिसूरी या दोन राज्यांचं ते अधिकृत गवत आहे. आणि हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले: गवतांच्या कुळात त्याची जी पोटशाखा आहे, त्याच शाखेत आपली ज्वारी, ऊस, मका, गवती चहा आणि वाळा येतात. माळावर पायजम्याला चिकटणारी कुसळंसुद्धा. म्हणजे मी बार्शीची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, आणि ज्वारीच्या चुलत भावाविरुद्ध सही करून बसले होते.

आता शिंकांचा इतिहास. तो सुरू होतो लंडनला. १८१९ च्या मार्चमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरने तिथल्या वैद्यकीय सभेपुढे एक केस वाचली. रुग्ण जे. बी., वय ४६, आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये डोळे खाजतात, शिंका येतात, छाती भरते. जे. बी. म्हणजे अर्थात स्वतः जॉन बोस्टॉक. त्यानंतर नऊ वर्षं शोधून त्याला अशा जेमतेम २८ केसेस मिळाल्या! आज एका ऑफिसच्या एका मजल्यावर एवढे सापडतील. लोक म्हणत होते, हे ताज्या कापलेल्या गवताच्या गंजीमुळे होतं, म्हणून नाव पडलं 'हे फीवर', गवताचा ताप. ताप तर यात येतच नाही. बोस्टॉकला गवताची थिअरी पटली नव्हती, त्याचा संशय उन्हाळ्याच्या उकाड्यावर. चुकला बिचारा.

बरोबर निघाला मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. त्याच्या मुलांनी रानातून गवताचे तुरे आणून घरात फुलदाणीत ठेवले, त्याने ते हलवले आणि शिंकांची फैर झाडली. त्यानंतर या माणसाने स्वतःच्या नाकात, डोळ्यांत आणि हातावर ओरखडा काढून त्यात परागकण घालून बघितले. आज ॲलर्जीची जी त्वचेची टेस्ट करतात, तिची ही पणजी. पुढे त्याने काचपट्ट्यांना चिकट लेप लावून त्या पतंगाला बांधल्या आणि आकाशात सोडल्या, वरच्या हवेत किती परागकण आहेत ते मोजायला. संक्रांतीला आपण पतंग उडवतो, हा संशोधन उडवत होता. १८७३ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि प्रश्न निकाली निघाला: कारण परागकण, उकाडा नाही.

पण कुठल्या गवताचे? चारा म्हणून कापतात, सुकवतात आणि गंजी रचतात, त्या युरोपियन गवतांचे. त्यांचा राजा टिमथी. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून याने ॲलर्जीवर पहिल्यांदा इंजेक्शनांचा कोर्स दिला, तोही टिमथीच्याच परागकणांच्या अर्काचा. नून दोनच वर्षांनी क्षयाने गेला, त्याचा सहकारी जॉन फ्रीमन याने काम पुढे नेलं. आजही ॲलर्जीची इंजेक्शनं घेणारे लोक त्याच वाटेने चालतात.

आता हे टिमथी अमेरिकेत कसं पोचलं? जहाजांवर गुरं, गुरांसाठी चारा, चाऱ्यात बी. १८ व्या शतकात टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने त्याचा एवढा प्रसार केला की त्याचं नावच चिकटलं. 'केंटकी ब्लूग्रास' ऐकून वाटतं केंटकीचंच असणार. तेही मुळात तिकडूनच वसाहतवाल्यांबरोबर आलेलं. आणि तिसरं 'बर्म्युडा ग्रास', दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांतल्या ॲलर्जीचं मोठं कारण. याचा बर्म्युडा बेटाशी मुळातला संबंध नाही. हे आफ्रिका, आशिया या आपल्या बाजूच्या जगातलं गवत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ओळखीचं वाटत नाहीये? अहो, ही आपली दूर्वा! गणपतीला २१ जुड्या वाहतो ती, आणि शेतात शिरली की हरळी म्हणून आजोबा जिला शिव्या घालतात तीच. ॲरिझोनाच्या टूसॉनमध्ये लोक दम्यासाठी, क्षयासाठी कोरडी हवा म्हणून जाऊन राहिले आणि जाताना हिरवळ करायला हरळी, सावलीला तुती आणि ऑलिव्ह घेऊन गेले. थोड्याच वर्षांत वाळवंटात नाकं वाहायला लागली. १९८० च्या दशकात तिथल्या प्रशासनाला तुती-ऑलिव्हच्या विक्रीवर बंदी घालावी लागली आणि हरळी फुलायच्या आत कापा असा नियम करावा लागला.

म्हणजे अमेरिकेत एप्रिल ते जुलै जे गवत लोकांना रडवतं, त्यातलं बरंचसं बाहेरून आलेलं. मग स्थानिक गवत कुठे होतं? ते नांगराखाली गेलं होतं.

इलिनॉयला आजही प्रेअरीचं राज्य म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी तिथे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. पोटावाटोमी आणि इतर जमाती ती ठरावीक काळाने जाळायच्या, त्यामुळे झाडं माजायची नाहीत, नवं गवत फुटायचं आणि शिकार यायची. १८३३ मध्ये शिकागोच्या तहात त्यांच्याकडून मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची उरलीसुरली जमीन काढून घेतली आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे धाडलं. चारच वर्षांनी, १८३७ मध्ये, याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डीअर या लोहाराने तुटलेल्या करवतीच्या पात्यापासून पोलादी नांगर घडवला. जुन्या लोखंडी नांगराला प्रेअरीची चिकट काळी माती लपेटून बसायची, दर काही पावलांवर थांबून खरवडावी लागायची. याच्या गुळगुळीत फाळावरून ती घसरून जायची. बिग ब्लूस्टेमची मुळं तुटताना पिस्तुलाच्या बारासारखा आवाज यायचा असं सांगतात. आज त्या सव्वादोन कोटींपैकी चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपास उरलीय. तीही बरीचशी जुन्या दफनभूमींच्या कडेला आणि रेल्वे रुळांलगत, जिथे नांगर फिरलाच नाही. थडग्यांनी वाचवलेलं गवत.

आणि आता खरा खलनायक. नांगराने उघडी पडलेली माती एका झाडाला फार आवडते. रॅगवीड. हे पण अमेरिकेचंच, पण गवत नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे. आधी ते नदीकाठाला, जनावरांनी तुडवलेल्या जागी थोडंथोडं असायचं. माती उघडी झाली आणि ते सुटलं. एक मोठं झाड एका मोसमात शंभर कोटींपर्यंत परागकण सोडू शकतं. शास्त्रीय नाव काय, तर अँब्रोशिया, ग्रीक देवांचं अमृत. नाव ठेवणाऱ्याला बहुतेक शिंका येत नसाव्यात.

याचा पुरावा तर इतका सुंदर आहे की मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळ साठतो आणि त्यात परागकण शेकडो वर्षं टिकतात. शास्त्रज्ञ नळी खुपसून त्या गाळाचा उभा नमुना काढतात. पूर्व आणि मध्य अमेरिकेतल्या तळ्यांमध्ये वर येता येता एका थरात रॅगवीडचे परागकण एकदम वाढलेले दिसतात. तो थर म्हणजे गोरे शेतकरी त्या भागात आले आणि जमीन मोकळी झाली तो काळ. हे इतकं पक्कं आहे की गाळाचं वय ठरवायला याच खुणेचा वापर करतात. आपल्याकडे शिलालेख असतात, तिकडे नांगराचा शिलालेख परागकणांत लिहिलेला आहे.

लोकांना मात्र हे कळायला वेळ लागला. हार्वर्डचे डॉक्टर मॉरिल वायमन यांना दर ऑगस्टच्या शेवटी त्रास व्हायचा, म्हणून ते न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात जायचे, जिथे रॅगवीड नव्हतं. १८७० मध्ये त्यांनी केंब्रिजहून रॅगवीडची एक पुडी तिथे मागवली. पुडी उघडली आणि ते आणि त्यांचा मुलगा दोघंही डोंगरावरच्या शुद्ध हवेत शिंकायला लागले. विषय संपला. त्याच डोंगरातल्या बेथलेहेम गावात १८७४ मध्ये शिंकणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाच निघाली. हॉटेलं भरली, रेल्वे भरली. श्रीमंतांचा आजार होता तो तेव्हा, आणि त्याचा लोकांना थोडा अभिमानही होता. गरीब शिंकत नव्हते असं नाही, त्यांना तिकीट परवडत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये न्यूयॉर्क शहराने रॅगवीडविरुद्ध मोहीम काढली, टू-फोर-डी हे तणनाशक रिकाम्या प्लॉटांवर फवारलं. तण जळालं, माती उघडी पडली, आणि उघड्या मातीवर काय येतं ते आत्ताच सांगितलं. दुसरीकडे बिचारं गोल्डनरॉड, पिवळ्याधमक फुलांचं. ते रॅगवीडच्याच वेळी फुलतं, डोळ्यात भरतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिव्या त्याने खाल्ल्या. त्याचे परागकण जड आणि चिकट, मधमाश्या नेतात. वाऱ्यावर फारसे उडतच नाहीत. रॅगवीडची फुलं हिरवी, बारीक, कुणी बघतही नाही.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, चला, काकूंचं गवत निर्दोष. पण एवढं सोपं नाही. बिग ब्लूस्टेम हे गवत आहे, त्याचं परागीभवन वाऱ्यानेच होतं, आणि गवताची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. त्याच्या शाखेतल्या जॉन्सन ग्रासची, म्हणजे ज्वारीच्या रानटी भावाची ॲलर्जी दक्षिणेत चांगलीच माहीत आहे. टिमथीची शाखा वेगळी, हरळीची वेगळी. शरीर टिमथीवर चिडलं की टिमथीच्या जवळच्या नातेवाइकांवर जोरात चिडतं, लांबच्यांवर कमी.

मग रोज फोनवर दिसतो तो पोलन काउंट काय सांगतो? ऐका. ओरेन डरहॅम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये एक साधं उपकरण आणलं: दोन चकत्या, मध्ये चिकट काचपट्टी, दिवसभर बाहेर ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. पुढे यंत्रं सुधारली, पण एक अडचण तशीच राहिली. गवताचे परागकण सगळे जवळजवळ सारखे दिसतात. गोल, आणि त्याला एक छिद्र. टिमथी, दूर्वा, ज्वारी, बिग ब्लूस्टेम, साध्या मायक्रोस्कोपखाली वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून अहवालात फक्त 'गवत' असं लिहितात. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये युझर आयडी नाही, फक्त आडनाव आहे. आणि पोलीस आडनावावरून जो हाताशी येईल त्याला उचलतात. कोपऱ्यावर आठ फूट उंच उभा असलेला सगळ्यात आधी सापडणार.

हिरवळीची बाजूही सांगते, नाहीतर काकूंचीच वकिली होईल. वेळेवर कापलेली हिरवळ सहसा फुलत नाही, म्हणजे परागही कमी. पण नासाच्या एका अभ्यासाने २००५ मध्ये अंदाज काढला की अमेरिकेत अशी हिरवळ १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! एवढ्यातलं रस्त्याकडेचं, कुंपणाखालचं, सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या अंगणातलं फुलणारच की. आणि हरळी तर आखूड कापली तरी खाली वाकून तुरे काढते.

शेवटी मी टेस्ट करून घेतली. दंडावर ओळीने टोचलं, वीस मिनिटं खाजवायचं नाही. टिमथीची गाठ उठली. दूर्वेची उठली (आई फोनवर म्हणाली, "कुणाला सांगू नकोस"). रॅगवीडची तर एवढी उठली की नर्सने डॉक्टरांना हाक मारली. जॉन्सन ग्रासची जवळपास नाहीच. बिग ब्लूस्टेम त्या यादीत नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, यावरून त्याच्याबद्दल छातीठोक काही सांगता येणार नाही. बरोबर आहे.

मग त्यांनी विचारलं, "तू इथे येऊन एकच मोसम झाला. रॅगवीडची एवढी ॲलर्जी इतक्या लवकर?" आणि मला शाळेतलं श्रमदान आठवलं. दर शनिवारी मैदानातलं काँग्रेस गवत उपटायचो. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून जा, असं आई बजावायची, तरी मनगटं लाल व्हायची. काँग्रेस गवत, गाजर गवत, पार्थेनियम. हे पण गवत नाही, हे पण मूळचं अमेरिकेचं. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास ते लोकांच्या नजरेत भरलं. अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात, पण भारतातल्या त्याच्या नोंदी त्याआधीच्याही सापडतात. आणि ते रॅगवीडचं सख्खं म्हणावं इतकं जवळचं आहे. पार्थेनियमची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी रॅगवीडच्या परागकणांनाही ओळखतात, हे भारतातल्या रुग्णांवर तपासलेलं आहे. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणजे माझ्या शिंकेची सुरुवात कदाचित बार्शीतच झाली होती, विमानात बसायच्या कितीतरी आधी.

असोसिएशनच्या मीटिंगआधी काकूंनी मला एका जुन्या खटल्याबद्दल सांगितलं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, १९७६ मध्ये, न्यू बर्लिन शहर विरुद्ध हेगर. हेगर वन्यजीव शास्त्रज्ञ, अंगणात प्रेअरी वाढवलेली. शहराचा नियम होता की गवत ठरावीक इंचांच्या वर जायला नको. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि कोर्टाने तो नियमच रद्द ठरवला. तेव्हापासून अशा प्रत्येक भांडणात तेच चार मुद्दे निघतात म्हणे: आग, उंदीर, डास आणि परागकण.

मी असोसिएशनला मेल लिहिला, सही मागे घेते म्हणून, टेस्टच्या रिपोर्टसकट. उत्तर आलं की अर्जावरची सही मागे घ्यायची सोय नाही. अनडू नाही, कळलं? मीटिंगला जाऊन उभी राहिले. इंग्रजी बोलताना अडखळले, मध्ये दोनदा शिंकले, लोक हसले. तासाभराच्या वादानंतर ठरलं ते असं: काकूंनी फुटपाथलगत तीन फुटांचा पट्टा कापून ठेवायचा, आतलं राहू द्यायचं. आणि कॉलनीच्या मागे बांधकाम अर्धवट राहिलेला प्लॉट आहे, तिथलं तण असोसिएशनने काढायचं. तो प्लॉट म्हणजे रॅगवीडचं जंगल. त्यावर एकानेही कधी अर्ज केला नव्हता. तण अजून काढलेलं नाही, पण मिनिट्समध्ये आलंय.

तिथून थोड्याच अंतरावर बाटेव्हियाला फर्मीलॅब आहे, कणांना गती देणाऱ्या यंत्राची मोठी प्रयोगशाळा. १९७५ मध्ये रॉबर्ट बेट्झ नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या चार मैलांच्या रिंगच्या आतल्या रिकाम्या जमिनीवर प्रेअरी लावायला सुरुवात केली. बी आणलं दफनभूमीतून, रुळांच्या कडेने, स्वयंसेवकांनी हाताने गोळा करून. आज ती जवळपास हजार एकर आहे, आणि शरद ऋतूत बी गोळा करायला अजूनही माणसं जमतात. सप्टेंबरच्या शेवटी काकू मला घेऊन गेल्या. मी मास्क लावून, गोळी घेऊन. मुठीत तुरा धरायचा आणि खालून वर ओढायचा, बी हातात उतरतं. अगदी ज्वारीची कणसं चोळल्यासारखं. स्वेटरला सगळीकडे केस चिकटले होते.

अर्ध्या तासाने मला जोरदार शिंका आल्या, लागोपाठ पाच. हातातल्या गवताकडे बघत मी म्हटलं, "सॉरी, पण..."

काकूंनी मान वर न करताच बोट दाखवलं. पार्किंगच्या कडेला, खडी टाकलेल्या जागेत, गुडघाभर रॅगवीड उभं होतं.

तुमच्याकडे काँग्रेस गवताचं श्रमदान कुणी केलंय? मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.